एक बोट वर

उधवा, ता. तलासरी
६ ऑक्टोबर २०२५

प्रिय मामा,

एक प्रश्न विचारते. त्याचं उत्तर मला येत नाही, हे आधीच कबूल करते. सायकललाही दोन चाकं आणि तुम्ही दिलेल्या गाडीलाही दोनच. मग सायकल नुसतं बघितलं तरी तिकडे वळते, आणि ही गाडी खांद्याने रेटल्याशिवाय वळत नाही, असं का?

तीन वर्षं भौतिकशास्त्र शिकले. फिरणाऱ्या चाकावरचा बारा मार्कांचा प्रश्न परीक्षेत पुरा सोडवला. घरात पहिली ग्रॅज्युएट म्हणून बाबांनी पाड्यात पेढे वाटले. आणि आता माझ्याच गाडीचं हँडल जड का, ते मला सांगता येत नाही. लाज वाटते, पण तुम्हाला नाही विचारायचं तर कुणाला?

फोन केला असता, पण तुमच्या कानांचं मला माहीत आहे. मागच्या वेळी मी "पंक्चर" म्हणाले आणि तुम्ही दहा मिनिटं कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत राहिलात. म्हणून जिव्याच्या जीपमधून हे पत्र पाठवते. तो रोज डहाणू रोडला येतोच.

नव्या कामाचं आईने सांगितलं असेल. डहाणूच्या एका संस्थेने मला तीन महिन्यांसाठी घेतलं आहे. आमच्या भागातल्या चाळीस पाड्यांच्या विहिरी आणि हातपंप यांचं पाणी बाटल्यांत भरायचं, बर्फाच्या पेटीत ठेवायचं आणि त्याच दिवशी डहाणूच्या प्रयोगशाळेत पोचवायचं. पाड्यातल्या आशा कार्यकर्त्या भिकीकाकी माझ्याबरोबर मागे बसून येतात, कारण कुठली विहीर कुणाची आणि कुणाशी कसं बोलायचं हे त्यांनाच ठाऊक. माझी इच्छा अशी आहे की प्रत्येक विहिरीवर एक फळा लागावा: पाणी पिण्यासारखं आहे की नाही, कधी तपासलं, कुणी तपासलं. आमच्या लोकांच्या पाण्याचा निकाल आमच्या लोकांना वाचता यावा.

पण पाड्यांच्या वाटा शेताच्या बांधांवरून जातात. पाच फुटांवर वळण. तिथे गाडी वळत नाही, मला उतरून ढकलावी लागते. भिकीकाकी म्हणतात, "मी चालत गेले असते तर आधी पोचले असते." उपाय असेल तर कळवा.

तुमची
शितल


सरावली
९ ऑक्टोबर

चि. शितल हिला मामाचे आशीर्वाद.

कॅलेंडरच्या मागे लिहितोय, गॅरेजात दुसरा कागद नाही. तेलाचा डाग पडला तर तिथला शब्द मनाने वाच.

प्रश्न चांगला आहे. बी.एस्सी.वाले इतका चांगला प्रश्न विचारत नाहीत, ते सरळ "हॉर्न वाजत नाही" म्हणतात.

रेशन दुकानात गोण्या ओढायची ट्रॉली बघितली असशील. तिचं पुढचं चाक बघ. दांडी पुढे असते आणि चाक थोडं मागे. चाक दांडीच्या मागेमागे फरफटत येतं, म्हणून आपोआप सरळ राहतं. गाडीचंही तेच. हँडलची दांडी तिरकी असते ना, ती तशीच तिरकी जमिनीपर्यंत वाढवली असं समज. टायर जिथे जमिनीला टेकतो त्याच्या चार बोटं पुढे ती टेकेल. हे अंतर जास्त असलं की गाडी सरळ छान धावते, पण वळायला जड. अंतर कमी केलं की वळायला हलकी. पण फार कमी केलंस तर उतारावर चंचल होते, अंगात आल्यासारखी. खाली चित्र काढलंय.

आता उपाय. पुढच्या दोन शॉकअपच्या नळ्या हँडलखालच्या दोन पट्ट्यांत पकडलेल्या आहेत. त्या पट्ट्यांना आम्ही टी म्हणतो, एक वरची टी आणि एक खालची. इंजिनाखाली ओंडका लाव म्हणजे पुढचं चाक तोलून राहील. दोन्ही टीचे बोल्ट सैल कर, काढू नकोस. मग नळ्या वर सरकव, वरच्या टीच्या वर एक बोट दिसतील इतक्या. बोल्ट परत घट्ट. पुढचा भाग तेवढा खाली बसेल आणि हँडल हलकं होईल.

दोन्हीकडे सारखं ठेव. एक बोट म्हणजे एक बोट, दीड नाही.

विनोदला मदतीला घे. त्याला सांग, कंपनीत मशीन चालवतोस म्हणून इथे हुशारी नको.

लडक्यामामा


उधवा
१४ ऑक्टोबर

प्रिय मामा,

झालं! आणि किती सोपं झालं!

रविवारी विनोददादाची सुट्टी होती. त्याने ओंडका लावला, चौदाचा पाना आणला. मी डाव्या बाजूला बसले, तो उजव्या. मी म्हटलं, "मामांनी एक बोट लिहिलंय." तो म्हणाला, "एक बोट तर एक बोट, त्यात काय शिकायचं." दोघांनी आपापली बाजू सरकवली, बोट लावून बघितलं, बोल्ट आवळले. बाबा उंबऱ्यावर बसून विडी ओढत बघत होते. एकदाच म्हणाले, "झालं एवढ्यात? घर बांधायला घेतलं असतं तर आतापर्यंत मेढीचा पहिला खांबही उभा नसता झाला." पाच मिनिटांत आटोपलं म्हणून त्यांना विश्वास वाटेना.

आता बांधावरचं वळण गाडी असं घेते, जसं तिला वाट आधीपासून पाठ होती. दोन दिवसांत अकरा विहिरी झाल्या. भिकीकाकींनी आज पहिल्यांदा मागून माझा खांदा सोडून नुसती पेटी धरली. माझ्यासाठी हे मोठं प्रमाणपत्र आहे.

तुमचं चित्र मी वहीत चिकटवलं आहे. कॉलेजच्या पुस्तकात हेच होतं, पण त्यात दांडी होती, कोन होता, गाडी नव्हती.

एक बारीकशी गोष्ट. मोठ्या रस्त्यावर चाळीसच्या पुढे गेलं की हँडल किंचित थरथरतं. नवीन सवय होईपर्यंत असेल, असं मला वाटतं. नाही का?

वाघबारशीला आईने तवसाची काकडी किसून पानांत पानमोडे वाफवायचं ठरवलं आहे. दिवाळी झाली की तुमच्याकडे येतेच.

शितल


सरावली
३ नोव्हेंबर

चि. शितल,

दिवाळी आली आणि गेली. तू आली नाहीस. तीन आठवडे पत्र नाही. मी १६ तारखेला लिहिलं होतं की थरथर सवयीने जात नाही, गाडी घेऊन ये. ते मिळालं का?

काल जिव्याला विचारलं. एरवी तो डहाणूच्या मासळीपासून उधव्याच्या कोंबड्यापर्यंत सगळं सांगतो. काल म्हणाला, "मामा, टायरमध्ये हवा बघा." टायरमध्ये हवा होती. मी तीस वर्षं या धंद्यात आहे. माणूस हवा बघायला सांगतो तेव्हा त्याला दुसरं काही बोलायचं नसतं.

लिही.

लडक्यामामा


उधवा
६ नोव्हेंबर

प्रिय मामा,

तुमचं १६ तारखेचं पत्र मिळालं होतं. उत्तर राहून गेलं.

गाडी गेल्या दोन आठवड्यांपासून अंगणात उभी आहे. २४ तारखेला उधव्याच्या अलीकडच्या उतारावर थोडी घसरली. कुणाला फार लागलं नाही. विनोददादा स्वतःच सगळ्यांना सांगतो की त्या रविवारी त्याच्या हातून बोल्ट सैल राहिले होते. त्यामुळे कारण कळलं आहे. तुम्ही काळजी करू नका.

कामाचं असं आहे की संस्थेच्या निशिगंधा मॅडम म्हणाल्या, विहिरी थांबून चालणार नाही. नविन म्हणून तलासरीचा एक मुलगा आहे, त्याची स्वतःची गाडी आहे. १७ तारखेपर्यंत मी परत फिरू लागले नाही तर उरलेले पाडे त्याला देतील. त्या रागाने नाही बोलल्या. मलाही वाटतं, कदाचित तेच बरं. पाणी तपासलं जाणं महत्त्वाचं, कोण तपासतं ते नाही.

तुम्ही इतक्या मेहनतीने गाडी जोडून दिलीत. ती विनोददादा वापरेल.

शितल


सरावली
८ नोव्हेंबर

शितल,

आज जिव्याला चहा पाजला आणि दरवाजा लावून घेतला. दोन घोटांत सगळं बोलला. गाडी घसरली नाही, आपटली. भिकीचा हात गळ्यात बांधलेला आहे. बाटल्या रस्त्यावर सांडल्या. आणि पाड्यात बाया म्हणत होत्या, पोरीच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं.

"कुणाला फार लागलं नाही"! हे तू बी.एस्सी.त शिकलीस?

विनोदला दुसरं पत्र लिहिलंय, ते त्याच्या हातात दे. त्यात शिव्या आहेत, तू वाचू नकोस. बोल्ट सैल ठेवतो म्हणजे काय? दहा वर्षं कंपनीत पाना फिरवतो आणि बहिणीच्या गाडीला सैल सोडतो?

पण एक गोष्ट मला बसत नाही. टीचे बोल्ट सैल असतील तर नळी धक्क्यागणिक टीच्या आत सरकते. सरकली की घासते. घासली की नळीवर उभे ओरखडे पडतात, चकचकीत, रंग गेल्यासारखे. टीच्या लगेच वर आणि लगेच खाली बघ. ओरखडे आहेत की नाहीत, एवढंच मला लिही.

आणि पोरी, खरं लिही. मला ऐकू येत नाही, वाचता येतं.

लडक्यामामा


उधवा
१० नोव्हेंबर

प्रिय मामा,

खरं लिहिते. त्या दिवशी आमची पेटी भरलेली होती, नऊ बाटल्या. उतारावर पंचेचाळीसचा वेग असेल. हँडल थरथरायला लागलं. आधी थोडं, मग असं की माझ्या हातांचं त्याने ऐकलंच नाही. समोर खड्डा आला. चाक खड्ड्यात गेलं आणि हँडल एका बाजूने गचकन बसलं, दुसऱ्या बाजूने नाही. एवढं मला आठवतं. मग मी डांबरावर होते आणि भिकीकाकी गवतात. त्यांचा पहिला शब्द होता, "बाटल्या बघ." एकीचंही झाकण राहिलं नव्हतं.

डहाणूला काकींचा एक्स-रे काढला. हाड मोडलेलं नाही, मनगट मुरगळलं आहे. डॉक्टरांनी पंधरा दिवस हात बांधून ठेवायला सांगितला होता. ते आता संपलं. पण काकी माझ्याकडे बघून हसल्या नाहीत. हसायचं त्यांना कुणी सांगितलेलं नाही, तरी मला ते लागलं.

तुमचं पत्र आल्यावर मी अंगणात जाऊन नळ्या बघितल्या. ओल्या फडक्याने पुसून, बाटल्यांचे आकडे वाचायला दिलेल्या भिंगातून बघितल्या. टीच्या वर, टीच्या खाली, चारही ठिकाणी. एकही ओरखडा नाही. रंगसुद्धा गेलेला नाही.

विनोददादा पाळीवरून आला तेव्हा मी विचारलं, "तू बोल्ट सैल ठेवले होतेस?"

"हो, म्हटलं ना."

"मग नळी घासलेली कशी नाही?"

तो डबा धूत राहिला. मग म्हणाला, "घट्ट होते. दोनदा आवळलेले."

"मग खोटं का बोललास?"

"विहिरीवर सगळ्या बाया तुझ्यावर घसरल्या होत्या. माझ्यावर घसरल्या तर मला काय, मी सकाळी सहाला कंपनीत जातो. मला ऐकू येत नाही."

मामा, त्याने दहावीनंतर शाळा सोडली म्हणून मी शिकले, हे आमच्या घरात कुणी बोलत नाही. आणि मी दोन आठवडे त्याला गुन्हेगार होऊ दिलं. तुम्हालाही तसंच लिहिलं. मनातून मला शंका होती, पण विचारलं नाही, कारण उत्तर "तूच" असं आलं तर मला गाडी कायमची सोडावी लागली असती. तुमचं पत्र त्याला दिलं. त्याने वाचलं आणि म्हणाला, "मामांचं अक्षर सुधारलंय."

मग आम्ही दोघं गाडीजवळ बसलो. बोल्ट घट्ट असतील तर काय, हे शोधायचं होतं. मी प्रयोगशाळेची स्टीलची पट्टी आणली. वरच्या टीच्या वर डावी नळी किती दिसते, ते मोजलं. तेरा मिलिमीटर. उजवी मोजली. बावीस.

मी परत मोजली. बावीस.

आम्ही एकमेकांच्या हातांकडे बघितलं. मी डाव्या बाजूला तर्जनी आडवी लावली होती. दादाने उजव्या बाजूला अंगठा. दोघांचंही "एक बोट" बरोबर होतं. त्याचा अंगठा कंपनीत जाडा झाला आहे आणि मी आयुष्यभर पेन धरलं आहे. फरक नऊ मिलिमीटर. म्हणजे एका शॉकअपची स्प्रिंग आधीच जास्त दबलेली आणि दुसऱ्याची कमी, म्हणून खड्ड्यात एक बाजू आधी बसली. आणि बावीस हे तुमच्याही एका बोटापेक्षा जास्तच असणार, म्हणून पुढचा भाग हवा त्याहून खाली गेला होता.

बाबा मागे येऊन उभे होते, आम्हाला कळलंच नाही. मी त्यांना दाखवलं. त्यांना पट्टी वाचता येत नाही, पण दोन टोकं वरखाली आहेत हे त्यांना लगेच दिसलं. म्हणाले, "दोघांच्या हातांनी मापलंत होय? घर बांधतो तेव्हा सगळं माप घरधन्याच्या हातानेच घेतो आम्ही. एक मेढ माझ्या हाताने आणि दुसरी शेजाऱ्याच्या हाताने घेतली तर आढं कसं बसेल?"

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही त्या दिवशी इथेच बसला होतात. बोलला का नाहीत?"

"मला वाटलं गाडीचं वेगळं असतं. तू शिकलेली आहेस."

मामा, हे वाक्य मला सारखं ऐकू येतं. प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी शिकवतात की मोजमापाचं एकक सगळ्यांचं एक असलं पाहिजे. मी ते पेपरात लिहिलं आहे. मग तुमच्या पत्रातलं "बोट" मी प्रश्न न विचारता का घेतलं? मामाचा शब्द म्हणून.

आता तुम्हीच सांगा, तुमचं बोट नक्की किती?

शितल


सरावली
१२ नोव्हेंबर

चि. शितल,

माझं बोट म्हणजे माझी करंगळी. आता पट्टी लावून बघितली, अकरा मिलिमीटर. गॅरेजात "एक बोट" म्हटलं की सगळे माझ्या करंगळीकडे बघतात. तू उधव्यात बसून माझी करंगळी कशी बघणार, हे मला लिहिताना सुचलं नाही. चूक माझी आहे.

आणखी एक सांगायचं आहे, ते मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. तू विचारलंस, हँडल जड का, आणि मी तुला ट्रॉलीचं चाक दाखवलं. ते खोटं नाही. पण तुझ्या गाडीचं हँडल इतकं जड का, याचं खरं कारण असं की पुढचे शॉकअप आणि दोन्ही टी दुसऱ्या, मोठ्या गाडीच्या आहेत. तुझ्या गाडीच्या मूळच्या नळ्या वाकलेल्या होत्या आणि माझ्याकडे हेच होते. लांब आहेत, म्हणून पुढचा भाग उंच राहिला. तू पास झालीस तेव्हा मी सगळ्या नातेवाइकांसमोर सांगितलं होतं की भाचीला पूर्ण ओरिजिनल गाडी जोडून दिली. मग कुठल्या तोंडाने लिहू? म्हणून म्हटलं, एक बोट सरकवलं की कुणाला कळणार नाही.

विनोदला सांग, शिव्या परत घेतल्या. कागद परत पाठवू नकोस, पुढच्या वेळी कामाला येतील.

आता नीट ऐक. दोन्ही नळ्या अकरा मिलिमीटरवर आण. पट्टीने मोज, एकाच पट्टीने, एकाच माणसाने. बोल्ट आधी हलके आवळ, मग पुढचा ब्रेक दाबून गाडी आठ-दहा वेळा खालीवर हापस म्हणजे दोन्ही नळ्या आपापल्या जागी बसतील, मग खालची टी पूर्ण घट्ट आणि नंतर वरची. परत मोज. पुढच्या टायरात हवा बघ. पेटीचं वजन मागे एकदम टोकाला ठेवू नकोस, सीटला चिकटून बांध. मागे ओझं गेलं की पुढचं चाक हलकं पडतं. आधी मोकळ्या रस्त्यावर तीसने जा, मग चाळीसने. पन्नासच्या वर गेलीस तर मी तुझा मामा नाही.

येशील का परत गाडीवर, हे मी विचारत नाही. तुझं तू ठरव. पण ती गाडी तुझ्या हातून पडली नाही, एवढं मी तीस वर्षांच्या अनुभवावर लिहून देतो. गाडी पडली ती मापामुळे.

लडक्यामामा


१६ नोव्हेंबर

प्रिय मामा,

तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी दाराच्या मागे जाऊन रडले. आई म्हणाली, "आता काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, बरं वाटतंय." तिला पटलं नाही.

तेराला दादा पाळीवरून आल्यावर नळ्या सरकवल्या. पट्टी माझ्या हातात होती, विनोददादा फक्त पाना फिरवत होता आणि बाबा ओंडका धरून बसले होते, पूर्ण वेळ, विडीसुद्धा न पेटवता. अकरा आणि अकरा. हापसून झाल्यावर परत मोजलं, अकरा आणि अकरा. दादा म्हणाला, "हुशारी दाखवू का आता?" मी म्हटलं, "मामांना विचारून."

मोकळ्या रस्त्यावर एकटी तीसने गेले, मग चाळीसने. त्या उतारावर चारदा गेले. थरथर नाही. बांधावरच्या वळणाला जरा जास्त रेटावं लागतं, पण उतरावं लागत नाही. चौथ्या वेळी खाली पोचले तेव्हा लक्षात आलं की मी श्वास धरून ठेवला नव्हता.

चौदाला निशिगंधा मॅडम उधव्याला आल्या. विहिरीजवळ आशा कार्यकर्त्या, बाया, पुरुष असे वीसपंचवीस लोक होते. मला सवय नाही अशा बोलण्याची, पण मी उभी राहिले आणि सांगितलं: विनोदने बोल्ट सैल ठेवले नव्हते. तो खोटं बोलला, माझ्यासाठी. चूक मापाची होती आणि माप घेणाऱ्यांत मी होते. गाडी चालवता येत नाही म्हणून मी पडले नाही, मोजता आलं नाही म्हणून पडले. आणि मोजणं हेच तर माझं काम आहे, म्हणून हे तुम्हाला सांगणं मला भाग आहे.

मग विनोददादाकडे बघून जयवंतीआजी म्हणाली, "म्हणजे पंधरा दिवस आम्ही ह्याला उगाच शिव्या घातल्या?" दादा म्हणाला, "राहू दे आजी, पुढच्यासाठी जमा करून ठेव." सगळे हसले. मॅडमही हसल्या. मला म्हणाल्या, "बाटलीवर रेघ असते, तिथपर्यंत भरतेस. गाडीवर रेघ नव्हती म्हणून चुकलीस. आता मारून घे." मी तिथेच दादाच्या खिशातला मार्कर घेतला आणि दोन्ही नळ्यांवर रेघ मारली.

पण मॅडम पुढे म्हणाल्या, "भिकीताई बसणार असतील तरच. एकटीला पाठवणार नाही." आणि सगळे भिकीकाकींकडे बघायला लागले.

काकी उठल्या. गाडीजवळ गेल्या. मी पट्टी पुढे केली. त्या म्हणाल्या, "ते तुझं तुझ्यापाशी. मला इतके बारीक आकडे कुठे दिसतात?" मग त्यांनी मुरगळलेल्या हाताची करंगळी डाव्या नळीच्या वरच्या टोकाशी लावली, नखाने खूण धरली, तशीच उजव्या नळीकडे नेली. दोनदा केलं. मग म्हणाल्या, "दोन्हीकडे माझंच बोट आहे. सारखं आहे." आणि माझ्याकडे बघून हसल्या, मामा. वर म्हणाल्या, "पण उतारावर मी डोळे मिटणार. ते मापात धरू नकोस."

शॉकअप दुसऱ्या गाडीचे आहेत, हे मी घरात सांगितलं. रागावू नका. लपवाछपवीने काय होतं ते आम्ही पंधरा दिवस बघितलं. आईला आधी हसू आलं, मग म्हणाली, "माझ्या भावाने कुठली गोष्ट एका जागची जोडली आहे?" मला मात्र आता गाडी जास्त आवडते. दोन गाड्यांची मिळून एक झाली, तरी चालते.

माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला अजून पूर्ण येत नाही. सायकल हलकी असते, तिचं ते फरफटण्याचं अंतर कमी असतं, एवढं समजलं. गणित करायचं बाकी आहे. पण ते आता मी पुस्तक बंद करून, गाडी बघून करणार आहे.

हे पत्र जिव्याकडे दिलेलं नाही. वरती गावाचं नाव लिहिलं नाही, कारण हे तुमच्या गॅरेजच्या पायरीवर बसून लिहिते आहे. तलासरीपासून हायवेने आलो, पंचेचाळीसच्या वर एकदाही गेले नाही, काकींना विचारा, त्यांनी डोळे उघडे ठेवले होते. अकरा बाटल्या बर्फात आहेत, त्या द्यायला प्रयोगशाळेत जायचं आहे. रविवार असूनही मॅडमनी आज उघडी ठेवायला सांगितली आहे. तुम्ही जेवायला गेला आहात, शटर अर्धं ओढलेलं आहे, म्हणून त्याच्या खालून हे आत सरकवते.

चारपर्यंत परत येऊ. चहा तीन कपांचा ठेवा. आणि करंगळी धुऊन ठेवा, काकींना ती बघायची आहे.

तुमची
शितल